पित्त उठलं की रॅश आला? गोळीला दोष देण्याआधी तारखा बघा

आमच्या इंदूरच्या घरात अंगावर काहीही आलं की पित्त उठलं म्हणायचं आणि आमसूल भिजत घालायचं. पण औषधाने उठणारं पित्त वेगळं नि औषधाचा रॅश वेगळा, आणि हे दोन्ही एकच धरलं की भलतीच गोळी बदनाम होते.

रामबागेतल्या मावशीचंच झालं ना. दाढ सुजली म्हणून अमॉक्सिसिलिन चालू होतं, आठव्या दिवशी ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल घेतली आणि संध्याकाळी पोटापाठीवर बारीक लाल पुरळ. सगळ्यांनी पँटोप्राझोललाच धरलं, कारण नवी तीच!

पित्त उठतं ते बहुतेक वेळा गोळी घेतल्यावर काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत. फुगीर गांधी, मरणाची खाज, आणि एक गांध 24 तासांच्या आत डाग न ठेवता बसते, मग दुसरीकडे उठते. पेनने गांधीभोवती रेघ मारून ठेवायची, दुसऱ्या दिवशी रेघेच्या आत कातडी साफ असेल तर ते पित्त, आणि मग संशय आधी त्या एक-दोन तासांत घेतलेल्या गोळीवर, दुखण्याची गोळी असेल तर तीही त्यातच धरायची.

रॅशचं तसं नाही. औषध पहिल्यांदाच घेत असाल तर तो साधारण 4 ते 14 दिवसांनी येतो, कारण शरीराला ते औषध ओळखून त्याच्यावर उलटायलाच तेवढा वेळ लागतो, आणि कधी तर कोर्स संपल्यावर येतो, म्हणजे बंद झालेली गोळीसुद्धा यादीत हवी. तेच औषध पूर्वी बाधलेलं असेल तर मात्र एक ते तीन दिवसांतच. मावशीचं पुरळ दुसऱ्या दिवशीही रेघेच्या आत तसंच होतं. डॉक्टरांनी गोळ्यांच्या तारखा विचारल्या आणि अमॉक्सिसिलिन बंद केलं.

जुलाबाच्या नाहीतर दुखण्याच्या गोळीने दर वेळी त्याच जागी गोल काळपट डाग येतो तो तिसराच प्रकार, तिथे जागाच सांगते.

ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली, किंवा कातडीवर फोड, तोंडात-डोळ्यांत जखमा झाल्या तर रेघा मारत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. आणि खात्री करायला म्हणून तीच गोळी घरी परत घेऊन बघायची नाही, प्लीज. बीपीची, फिटची गोळीही मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. 1800-180-3024 या सरकारी टोल फ्री नंबरवर औषधाचा त्रास पेशंटलाही कळवता येतो.

पाकिटावर ब्रँडचं नाव नि घटकाचं नाव दोन्ही असतात, पण लिहून ठेवायचं ते घटकाचं नाव, ब्रँड काय दुकानागणिक बदलतो. मावशीच्या पर्समध्ये आता चिठ्ठी असते, "अमॉक्सिसिलिन, आठवा दिवस, पुरळ", आणि परवा दाताच्या खुर्चीत बसायच्या आधी तिने तीच पुढे केली.