पक्ष्यांची चुंबकीय दिशाजाण

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ठरवण्याची, आणि काही जातींत आपण नेमके कुठे आहोत हेही ताडण्याची, पक्ष्यांची क्षमता. तिचा सर्वाधिक अभ्यास स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर झाला असला, तरी घरच्या कबुतरांत आणि कोंबडीच्या पिलांतही ती आढळली आहे. पक्षी सूर्य, तारे, ओळखीच्या खुणा आणि वास यांचाही आधार घेतात. पण ढगाळ रात्री, समुद्रावर, पहिल्याच प्रवासाला निघालेल्या पिलाला यातले फारसे काही मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गॉडविट पक्ष्याच्या सुमारे पाच महिन्यांच्या पिलाने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किमी अंतर ११ दिवसांत, कुठेही न उतरता कापले. वाट दाखवणारे काहीतरी पिलू जन्मतःच सोबत घेऊन येते, हे अशा प्रवासातून दिसते.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अतिशय क्षीण आहे. त्याची तीव्रता जागेनुसार साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचे एकक) भरते. फ्रिजवर चिकटवायचा छोटा चुंबकही याहून शंभरेक पट जोरदार असतो. एवढ्या मंद क्षेत्राची जाणीव सजीवाला होऊ शकेल, यावर बराच काळ कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते. हे मत बदलले ते जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये, जेमतेम १५ ते २० ग्रॅम वजनाच्या युरोपीय रॉबिन या पक्ष्यामुळे.

रात्री स्थलांतर करणारे पक्षी हंगामात पिंजऱ्यात असले, तरी अंधार पडताच बेचैन होतात, पंख फडफडवतात आणि जायच्या दिशेला उड्या मारत राहतात. हीच बेचैनी मोजायची एक साधी युक्ती अमेरिकी पक्षी-अभ्यासक स्टीफन एम्लेन आणि त्यांचे वडील जॉन यांनी १९६६ मध्ये मांडली. कागदाचे नरसाळे, तळाशी शाईची गादी आणि वर जाळी. पक्षी उडी मारतो, उतारावर पाय टेकतो आणि घसरून पुन्हा गादीवर येतो. सकाळी कागद उलगडला की एका बाजूला इवल्या पावलांचे काळे ठसे दाटलेले असतात: पक्ष्याला तिकडे जायचे होते. पुढे शाईऐवजी टायपिंगच्या चुका खोडायचा पांढरा कागद लावू लागले. त्यावर नखांचे ओरखडे स्वच्छ उमटतात.

फ्रँकफर्टचे पक्षी-अभ्यासक वोल्फगांग विल्चको यांनी १९६० च्या दशकात रॉबिनच्या पिंजऱ्याभोवती विजेची वेटोळी बसवून कृत्रिम क्षेत्र तयार केले. त्यातली उत्तर फिरवली, की पक्ष्यांच्या उड्यांची दिशाही फिरे. खरा धक्का १९७२ च्या निष्कर्षांनी दिला. आपल्या होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण दाखवते; पक्ष्याचे होकायंत्र तसे नाही. चुंबकीय बलरेषा जमिनीशी तिरप्या असतात. या तिरपेपणाला नती म्हणतात. फ्रँकफर्टला ती सुमारे ६६ अंश, अलिबागला ३० अंशांच्याही आत, आणि दक्षिण भारतात तिरुनेलवेलीच्या आसपास जवळजवळ शून्य आहे. विल्चकोंनी क्षेत्राचा फक्त उभा घटक उलटा केला, तेव्हा सुई जागची हलली नसती. रॉबिन मात्र विरुद्ध दिशेला वळले. उभा आणि आडवा असे दोन्ही घटक एकदम उलटे केले, तर पक्ष्यांना फरकच पडला नाही. म्हणजे बलरेषा कोणत्या बाजूला जमिनीकडे झुकतात एवढेच पक्षी पाहतो. त्याला ‘ध्रुवाकडे’ आणि ‘विषुववृत्ताकडे’ या दोनच दिशा कळतात. मग विषुववृत्त ओलांडताना काय होते? तिथे बलरेषा आडव्या असतात. गार्डन वॉर्बलर या वटवट्यांना काही काळ अशा आडव्या क्षेत्रात ठेवले, तेव्हा त्यांची आवड उलटली आणि ते ‘विषुववृत्ताकडे’ऐवजी ‘ध्रुवाकडे’ जाऊ लागले. दक्षिण गोलार्धात पुढे दक्षिणेलाच जायचे, तर नेमके हेच करावे लागते.

हे होकायंत्र चालायला उजेड लागतो. निळ्या-हिरव्या मंद प्रकाशात रॉबिनला दिशा सापडते, लाल प्रकाशात ते गोंधळतात. म्हणून संशोधकांचे लक्ष डोळ्याकडे वळले. भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ मध्ये मांडलेली आणि २००० मध्ये थोर्स्टन रिट्झ यांच्यासह क्रिप्टोक्रोम या प्रथिनाशी जोडलेली कल्पना आज सर्वांत भक्कम मानली जाते. दृष्टिपटलातल्या या प्रथिनावर निळा प्रकाश पडला, की एक इलेक्ट्रॉन जागा सोडतो आणि दोन एकाकी इलेक्ट्रॉनांची जोडी तयार होते. त्यांचे परिवलन (स्पिन, म्हणजे जणू स्वतःभोवती फिरणे) कधी एकमेकांशी जुळते, कधी उलटे असते, आणि ही अदलाबदल सेकंदाला लाखो वेळा चालते. ती कोणत्या बाजूला किती झुकावी, यावर पृथ्वीच्या क्षेत्राचा परिणाम होतो आणि त्यानुसार पुढची रासायनिक घडामोड बदलते. पक्ष्याला हे बहुधा समोरच्या दृश्यावर पसरलेल्या फिकट-गडद छटेसारखे दिसत असावे. २०२१ मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग आणि इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठांच्या गटांनी रॉबिनचे क्रिप्टोक्रोम-४ परीक्षानळीत तपासले. ते चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते आणि कोंबडी व कबुतराच्या प्रथिनापेक्षा जास्त संवेदनशील आहे, असे दिसले. जिवंत पक्ष्याच्या डोळ्यात हेच घडते, हे सिद्ध होणे अजून बाकी आहे.

ओल्डेनबर्गचीच दुसरी हकीकत महत्त्वाची आहे. हेन्रिक मॉरिट्सन यांच्या गटाला विद्यापीठाच्या आवारातल्या लाकडी खोल्यांत रॉबिनकडून दिशाच मिळेना. खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले, तसे पक्षी ताळ्यावर आले. जोडणी काढली की पुन्हा भरकटले. शहराबाहेर पत्र्यांशिवायही त्यांना दिशा सापडे. विद्युत उपकरणे आणि मध्यम लहरींचे रेडिओ यांतून निघणारा क्षीण गोंगाट त्यांचे होकायंत्र बंद पाडत होता, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने दाखवले. मोबाइलच्या लहरी या पट्ट्याच्या कितीतरी वर असतात, त्यामुळे या प्रयोगाचा दाखला मोबाइल टॉवरविरुद्ध देणे चूक ठरते. हे वाचताना मुंबईची आठवण होते. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या क्षेत्राची मोजणी चाले. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हणून ती १९०४ मध्ये अलिबागला हलवली. उपकरणाला उचलून शांत जागी नेता येते. रॉबिनला शहरावरूनच जावे लागते.

दिशा कळणे वेगळे आणि जागा कळणे वेगळे. डच पक्षी-अभ्यासक ए. सी. पेर्डेक यांनी हॉलंडमध्ये पकडलेली हजारो स्टार्लिंग स्वित्झर्लंडला नेऊन सोडली. १९५८ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिले. स्टार्लिंग म्हणजे आपल्या भोरडीचा युरोपीय भाऊबंद. पिले नेहमीच्याच दिशेला उडत फ्रान्स-स्पेनमध्ये पोचली. प्रौढांनी झालेला बदल ओळखून वाट सुधारली. हा अनुभवातून आलेला ‘नकाशा’ काही अंशी चुंबकीय असावा. बोरू वटवट्यांच्या चोचीकडून मेंदूला जाणारा ट्रायजेमिनल मज्जातंतू कापल्यावर त्यांना दूर नेऊन सोडले, तर ते वाट सुधारू शकले नाहीत. रॉबिनचे होकायंत्र मात्र हा मज्जातंतू कापूनही शाबूत राहते. याच वटवट्यांचा चुलतभाऊ, ब्लिथचा वटवट्या, हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या झुडपांतून ‘चक् चक्’ करत फिरतो. कबुतराच्या चोचीत लोहकणांनी भरलेल्या संवेदक पेशी असल्याचे एकेकाळी मानत. २०१२ मध्ये त्या रोगप्रतिकारक भक्षक पेशी निघाल्या.

पक्षी आपले होकायंत्र इतर खुणांशी पडताळूनही पाहतो. अमेरिकेत काही कस्तुर पक्ष्यांना मावळतीच्या वेळी पूर्वेकडे फिरवलेल्या क्षेत्रात ठेवून, अंगावर छोटा प्रेषक लावून सोडले आणि रात्रभर गाडीने पाठलाग केला. मावळतीच्या खुणेशी ताडून त्यांनी होकायंत्र चुकीचे लावून घेतले होते, म्हणून उत्तरेऐवजी ते पश्चिमेकडे गेले. दुसऱ्या दिवशीचा सूर्यास्त पाहून झाल्यावर ते पुन्हा उडाले, आणि या वेळी उत्तरेकडे.