घरगुती मत्स्यालयातील परजीवी-उपचार

घरातील काचेच्या टाकीत पाळलेल्या माशांच्या त्वचेवर, परांवर किंवा कल्ल्यांत वाढणाऱ्या परजीवींचा नायनाट, मासे, पाणवनस्पती व फिल्टरमधील उपयुक्त जीवाणू यांना धक्का न लावता करण्याच्या पद्धती या नोंदीत येतात. औषध शेवटी पाण्यातच मिसळावे लागते. त्यामुळे येथे रोगाइतकाच पाण्याचा विचार करावा लागतो.

सर्वांत परिचित रोग पांढऱ्या ठिपक्यांचा. माशाच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे दिसते आणि मासा खडीला अंग घासू लागतो. इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिइस हा एकपेशीय आदिजीव त्याला कारणीभूत असतो. त्वचेखाली वाढून झाल्यावर तो गळून तळाशी चिकटतो, तेथे कोष करून पुन्हा पुन्हा विभागतो, आणि त्यातून सुटलेली शेकडो पिल्ले पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडते ते केवळ या पोहणाऱ्या पिल्लांना, त्वचेखालच्या किंवा कोषातल्या अवस्थेला नव्हे. ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवणे ही नेहमीची चूक यामुळेच अंगाशी येते.

हे चक्र २५° से. तापमानाला साधारण आठवड्याभरात पुरे होते, थंड पाण्यात ते कित्येक दिवस लांबते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मी. उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर नसलेल्या टाकीचे पाणी चांगलेच गार होते. माशांची प्रतिकारशक्ती घटते आणि उपचारही लांबवावा लागतो. उष्णदेशीय माशांसाठी पाणी हळूहळू ३०° से.पर्यंत नेऊन दहा दिवस तसेच ठेवतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने हवेची मोटर अखंड चालावी लागते, म्हणून वीज वारंवार जाणाऱ्या गावांत बॅटरीवरची मोटर हाताशी असावी. गोल्डफिशला मात्र एवढी उष्णता मानवत नाही.

खडे मीठ हा स्वस्त व बराच निर्धोक उपाय आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत हिशेबाने सुमारे ५७ लिटर पाणी मावते. खडी व वरची मोकळी जागा वजा जाता ते ४५ लिटरच्या आसपास उरते. लिटरला एक ते तीन ग्रॅम या प्रमाणाचा हिशेब या ४५ लिटरवर करावयाचा, टाकीवर लिहिलेल्या आकड्यावर नव्हे. मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन दिवसांत थोडे थोडे घालतात. बाष्पीभवनाने मीठ उडून जात नाही; ते पाणी बदलल्यानेच कमी होते. कोरीडोरास व लोच यांसारख्या तळाशी राहणाऱ्या माशांना आणि बहुतेक पाणवनस्पतींना ते सोसत नाही.

मॅलॅकाइट ग्रीनसारखी औषधे घालताना फिल्टरमधील कार्बन काढून ठेवावा लागतो, अन्यथा तो औषधच शोषून घेतो. मेथिलीन ब्लू फिल्टरमधील जीवाणूंनाही मारते, म्हणून ते वेगळ्या टाकीतच वापरणे बरे. तांबेयुक्त औषधाने गोगलगायी व कोळंबी मरतात. शिवाय हलक्या, म्हणजे क्षार कमी असलेल्या, पाण्यात तांब्याचा विषारीपणा वाढतो. बेळगावजवळच्या खानापूरकडील जांभ्या दगडाच्या मुलखात विहिरीचे पाणी सहसा हलके असते, त्यामुळे बोअरच्या जड पाण्यात चाललेली मात्रा तेथे घातक ठरू शकते. राकसकोप व हिडकल जलाशयांतून बेळगाव शहराला येणारे नळाचे पाणी क्लोरिनयुक्त असते. ते हायपोचे (क्लोरिन घालवणाऱ्या सोडियम थायोसल्फेटचे) खडे घालून किंवा उघड्या पिंपात दिवसभर ठेवूनच टाकीत घ्यावे. उपचाराच्या काळात दररोज चौथा हिस्सा पाणी नळीने तळातून ओढल्यास कोषही बाहेर जातात. काढलेल्या पाण्याच्या प्रमाणात औषध पुन्हा घालावे लागते.

कल्ल्यांतील चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक औषध चालते. आर्ग्युलस ही माशांची ऊ व नांगराप्रमाणे रुतणारा लर्निया हे डोळ्यांनी दिसतात. तळ्यातून आणलेल्या जिवंत खाद्याबरोबर ते टाकीत शिरू शकतात. लर्निया चिमट्याने मुळापासून काढावा, तरी त्याच्या अळ्या पाण्यात उरतात, म्हणून पुढचे काही आठवडे लक्ष ठेवणे भाग असते. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यास यातील बहुतेक खटाटोप टळतो. मात्र त्या टाकीची जाळी मुख्य टाकीत बुडवू नये.