घनता, वस्तुमान आणि आकारमानाची गणितं

घनता म्हणजे एखाद्या पदार्थाच्या ठरावीक आकारमानात किती वस्तुमान बसलंय ते. सूत्र एकच, घनता = वस्तुमान ÷ आकारमान, आणि केमिस्ट्री सुरू झाली की पहिल्या काही धड्यांतच यावरची गणितं येतात. दोन गोष्टी दिलेल्या असतात, तिसरी काढायची, बस. तरीही मार्क जातात, आणि ते सूत्र विसरल्यामुळे क्वचितच, बहुतेक वेळा एककांनी घात केलेला असतो.

अ‍ॅल्युमिनियमची घनता 2.70 ग्रॅम प्रति घनसेंमी, म्हणजे 1 सेंमी बाजूचा ठोकळा 2.70 ग्रॅम भरतो. तुकडा अर्धा कापला तर वस्तुमानही अर्धं, आकारमानही अर्धं, घनता तीच राहते, म्हणून तर तिच्यावरून धातू ओळखता येतो. लोखंड 7.87, शिसं 11.3, पारा 13.6, सोनं 19.3. पाणी 4 अंश सेल्सिअसला जवळजवळ 1 आणि बर्फ 0.917, म्हणून तो तरंगतो.

वेड्यावाकड्या तुकड्याचं आकारमान पट्टीने मोजता येत नाही, मग मेजरिंग सिलिंडर घ्यायचा. समजा पाणी 50.0 मिली होतं, तुकडा अलगद सोडल्यावर 65.0 झालं. फरक 15.0 मिली, म्हणजेच 15.0 घनसेंमी (1 मिली आणि 1 घनसेंमी एकच, हे डोक्यात पक्कं हवं). तुकडा 40.5 ग्रॅमचा असेल तर 40.5 ÷ 15.0 = 2.70, झालं, अ‍ॅल्युमिनियम. इथे बरेच जण घाईत 65 नेच भागून मोकळे होतात. रीडिंग घेताना डोळा पातळीच्या समोर ठेवायचा आणि पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट दिसतो त्याचा खालचा भाग वाचायचा. पाऱ्याचं उलट, तो मध्ये फुगतो.

सूत्राचा त्रिकोण (वर वस्तुमान, खाली घनता आणि आकारमान) काढून जे हवं ते बोटाने झाकायची युक्ती सगळीकडे शिकवतात, पण खरं सांगायचं तर ती फार पुढे नेत नाही. त्यापेक्षा एककं लिहून काटाकाटी करा, गुणायचं की भागायचं ते आपोआप कळतं. 250 मिली इथेनॉलचं वस्तुमान हवंय आणि घनता 0.789 ग्रॅम प्रति मिली आहे, तर गुणल्यावर मिली उडतात, ग्रॅम उरतात, उत्तर 197 ग्रॅम. चुकून भागलं तर 317 येतं, पण इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं आहे, मग 250 मिलीचे 250 ग्रॅमपेक्षा जास्त कसे होतील? एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी चूक पकडली जाते.

किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये उत्तर मागितलं की मात्र गोंधळ ठरलेला. 1 मीटर म्हणजे 100 सेंमी, पण 1 घनमीटर म्हणजे 100 घनसेंमी नाही, 10 लाख, कारण 100 तीनदा गुणायचे असतात. म्हणून 10 लाखाने गुणायचं, ग्रॅमचे किलो करताना हजारने भागलं जातं आणि शेवटी 2.70 चे 2700 होतात.

एक गणित मला फार आवडतं, अ‍ॅल्युमिनियम फॉइलची जाडी काढायचं. 10 सेंमी बाय 10 सेंमीचा तुकडा 0.432 ग्रॅम भरला, तर आकारमान 0.432 ÷ 2.70 = 0.160 घनसेंमी, त्याला क्षेत्रफळ 100 ने भागलं की 0.0016 सेंमी, म्हणजे 0.016 मिमी. साध्या पट्टीने हे कधीच मोजता आलं नसतं, तराजूने मोजलं.

मिश्रणाच्या गणितात एक फसवणूक असते. वस्तुमानांची बेरीज बिनधास्त करा, आकारमानांची नाही. 50 मिली पाण्यात 50 मिली इथेनॉल मिसळलं की 100 नाही, सुमारे 96 मिलीच भरतं, कारण रेणू एकमेकांच्या जास्त जवळ बसतात. वस्तुमान मात्र साधारण 89.4 ग्रॅम, त्यामुळे घनता 0.89 नाही, 0.93 च्या आसपास येते.