काबरी परत कधी येणार?

सकाळी खुराड्यापाशी पिसे विखुरलेली दिसतात, एक कोंबडी कमी भरते, आणि तिला रोज ओंजळीतून कण्या खाऊ घालणारे चार वर्षांचे मूल विचारते, "काबरी परत कधी येणार?" अशा वेळी "ती देवबाप्पाकडे गेली" असे सांगून मोठी माणसे विषय संपवतात. मुलासाठी मात्र तो तिथूनच सुरू होतो, कारण मुंबईला गेलेले काका गणपतीला परत येतात, मग देवबाप्पाकडे गेलेली कोंबडी का येऊ नये?

हा प्रश्न हट्टाचा नसून वयाचा आहे. मारिया नागी या मानसशास्त्रज्ञ महिलेने बुडापेस्टमधील ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांशी बोलून आणि त्यांची चित्रे व लेखन पाहून केलेला अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच वर्षांखालील अनेक मुले मृत्यूकडे दूरचा प्रवास किंवा झोप म्हणून पाहत असल्याचे आढळले. पुढे १९८४ मध्ये मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मेलेला जीव परत येत नाही, त्याचे शरीर कोणतेही काम करत नाही आणि प्रत्येक सजीवाला मरण असते, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात या वयात उमजतात, असा निष्कर्ष निघाला. म्हणून लहान मुलाला "काबरी मेली, आता ती श्वास घेत नाही, तिला भूक लागत नाही, दुखतही नाही, ती परत येणार नाही" असे साध्या शब्दांत सांगावे, आणि तोच प्रश्न दहा वेळा आला तर दहा वेळा तेच उत्तर द्यावे. "ती झोपली" हे तर मुळीच सांगू नये. त्याने मूल स्वतःच्याच झोपेला भिऊ लागण्याची शक्यता असते.

थोड्या मोठ्या मुलाला कोणी मारले आणि का मारले, हे हवे असते. करडे मुंगूस दिवसा हिंडते, तर रात्रीच्या हल्ल्यामागे बहुधा रानमांजर, जवादी मांजर किंवा कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतात ते उदमांजर असते. घार पिल्लू उचलते, पण पूर्ण वाढलेली कोंबडी तिला सहसा पेलत नाही. एकच कोंबडी खाण्याजोगी असताना चार मारून टाकलेल्या दिसल्या की मुलांना तो निव्वळ दुष्टपणा वाटतो, आणि मोठ्यांनाही वाटतो. जीवशास्त्रज्ञ हान्स क्रुक यांनी १९७२ मध्ये या वर्तनाची मीमांसा केली. त्यांनी नोंदवलेल्या एका उदाहरणात काळोख्या वादळी रात्री जमिनीवर बसून राहणाऱ्या कुरव (सीगल) पक्ष्यांना कोल्हे गरजेपेक्षा कितीतरी जास्त संख्येने मारत होते. रानात एक भक्ष्य पकडले की बाकीची पळतात, त्यामुळे शिकार तिथेच थांबते. खुराड्यातल्या कोंबड्यांना पळायला वाट नसते, अंधुक उजेडात त्यांना फारच कमी दिसते, आणि समोर फडफडणारे भक्ष्य शिकाऱ्याची झडप पुन्हा पुन्हा जागी करते.

हे समजल्यावर एखादे चुणचुणीत मूल विचारतेच, "आपणही रविवारी कोंबडी खातो ना?" या प्रश्नाला टाळू नये. होय, आपणही खातो, आणि तरीही नाव ठेवलेल्या कोंबडीसाठी रडू येते. दोन्ही खरे आहे, हे आठ वर्षांच्या मुलाला आपण समजतो त्यापेक्षा चांगले कळते.

सर्वांत अवघड भाग अपराधाच्या भावनेचा. आपण रागाने "जा मर" म्हटले म्हणून कोंबडी मेली, असे लहान मुलाला वाटू शकते. विचाराने घटना घडत नाहीत, हे त्याला स्पष्ट सांगावे लागते. पण मुलाने खरोखरच कडी लावली नसेल तर? "तुझी काहीच चूक नाही" हे खोटे त्याला पचत नाही. "कडी राहिली हे खरे, पण रात्री पाहून येणे हे आमचे काम होते" असे म्हणणारे पालक मला अधिक प्रामाणिक वाटतात.

मूल सकाळी रडून दुपारी लगोरी खेळायला गेले तर त्याला काही वाटलेच नाही असे समजू नये, कारण मुलांचे दुःख तुकड्यातुकड्याने येते. मात्र झोप उडणे किंवा अंथरूण ओले होणे आठवडेच्या आठवडे चालले, तर बालरोगतज्ज्ञांना विचारावे. जखम नसताना अनेक कोंबड्या एकदम मेल्या असतील, तर प्रकरण शिकाऱ्याचे नाही. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आढळला होता हे लक्षात ठेवून मुलांना दूर ठेवावे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

तशीच दिसणारी कोंबडी गुपचूप आणून ठेवण्यापेक्षा आधी मुलाला बरोबर घेऊन खुराडे दुरुस्त करावे: पातळ जाळीऐवजी अर्ध्या इंचाच्या छिद्रांची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची मजबूत जाळी), जमिनीलगतच्या फटी दगडांनी बुजवलेल्या, आणि नवी कडी मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर.