मोजणारे वेगळे, लावणारा वेगळा : ब्लॅकजॅक टीमची पार्श्वभूमी

पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत संभाव्यतेचा धडा सुरू झाला की अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या ब्लॅकजॅक टीमचा, म्हणजे पाने मोजून कॅसिनोत जिंकू पाहणाऱ्या गटाचा, विषय निघतो. 2008 मध्ये त्यावर सिनेमा आल्यापासून तर जास्तच. पण ऐकायला मिळते ती गोष्ट अफाट स्मरणशक्तीच्या मुलांची असते, आणि खरा इतिहास त्याहून कितीतरी सरस आहे. ब्लॅकजॅकमध्ये एकवीसच्या वर न जाता पानांची बेरीज डीलरच्या, म्हणजे कॅसिनोतर्फे पाने वाटणाऱ्याच्या, बेरजेपेक्षा जास्त करायची असते. या खेळात सगळी पाने पाठ ठेवावी लागत नाहीत. मेंढीकोट खेळताना किती दश्श्या गेल्या याचा हिशेब आपण ठेवतोच, इथेही तेवढेच लक्ष लागते. टीम उभी राहिली ती दुसऱ्याच दोन अडचणींतून. एक म्हणजे कॅसिनोची नजर, आणि दुसरी म्हणजे अपुरे भांडवल.

आधी गणित. 1956 मध्ये अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी साध्या टेबलावरच्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून हाती कोणती पाने आली की काय करावे याचा तक्ता प्रसिद्ध केला. तो काटेकोर पाळला तरी कॅसिनोचा थोडासा वरचष्मा राहतोच. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने एमआयटीतल्या आयबीएम 704 संगणकावर पुढचे पाऊल टाकले आणि जानेवारी 1961 मध्ये आपला निष्कर्ष मांडला : वाटून झालेली पाने परत येत नाहीत, त्यामुळे उरलेल्या पानांचे पारडे कधी कधी खेळाडूकडे झुकते. उरलेल्यांत दश्श्या, चित्रे आणि एक्के जास्त असले तर ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोनच पानांत एकवीस, जास्त लागतात. ते दोघांनाही लागतात, पण दीडपट पैसे फक्त खेळाडूला मिळतात. शिवाय डीलरला सोळापर्यंत पान घ्यावेच लागते, आणि मोठ्या पानांच्या गर्दीत तो एकवीसच्या वर जाण्याची शक्यता वाढते.

मोजण्याची पुढे रूढ झालेली रीत हार्वी डबनर यांनी 1963 मध्ये मांडली. दुर्री ते छक्की निघाली की अधिक एक, सत्ती ते नव्वी शून्य, दश्शी, चित्र किंवा एक्का निघाला की वजा एक. अनेक कॅट एकत्र पिसलेले असतात, म्हणून या बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचे : बेरीज अधिक बारा झाली आणि चार कॅट उरले असले, तर भागाकार तीन. अशा वेळी खेळाडूचे पारडे साधारण एक टक्क्याने जड असते. नफा इतका बारीक आहे.

खरी अडचण इथून पुढे. एकटा मोजणारा एरवी कमीत कमी लावणार आणि आकडा चढला की रक्कम एकदम वाढवणार. मागे उभा असलेला पिट बॉस, म्हणजे टेबलांवर नजर ठेवणारा कॅसिनोचा माणूस, नेमके हेच पाहत असतो. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अल फ्रान्सेस्को या पाने मोजणाऱ्या खेळाडूला यावर तोड सापडली, तीही सहज. भाऊ टेबलावर बसून मोजत होता आणि हे मधूनच, जणू लहर आली म्हणून, मोठी रक्कम लावत होते. कॅसिनोने त्यांच्यावर संशय घेतला नाही, उलट बडे गिऱ्हाईक म्हणून त्यांची सरबराई केली. त्यातून मोजणारे वेगळे आणि लावणारा वेगळा ही पद्धत निघाली.

ती अशी चालते. चार-पाच टेबलांवर एकेक मोजणारा. तो तासन्‌तास किमान रक्कम लावतो, कधीच वाढवत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आकडा चढला की तो हाताची घडी घालतो किंवा ठरलेली दुसरी खूण करतो. मोठा खेळाडू फिरत फिरत येतो, पहिल्याच हातापासून मोठी रक्कम लावतो आणि आकडा उतरला की उठून जातो. त्याची रक्कम सतत मोठीच, त्यामुळे चढउतार दिसतच नाही. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते ती ही कामाची वाटणी.

भांडवलाचे गणितही तेवढेच देखणे आहे. तिघांकडे प्रत्येकी दहा लाख असतील तर एकेकटे खेळताना प्रत्येकाने दहा लाखांना झेपेल एवढेच लावावे. तेच तीस लाख एकत्र केले आणि तिघे वेगवेगळ्या टेबलांवर बसले, तर प्रत्येकाला तिप्पट लावता येते. टीमची अपेक्षित कमाई एकट्याच्या नऊपट, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तिप्पट, आणि सगळे बुडण्याचा धोका मात्र तेवढाच. अट एकच : हिशेब चोख हवा. खिशात रोकड घेऊन फिरणारा माणूस किती हरला हे तोच सांगणार. म्हणून काही टीममध्ये लाय डिटेक्टरची चाचणीसुद्धा होत असे.

बिल कॅप्लन यांनी 1980 मध्ये एमआयटीची टीम नीट बांधली, ती याच शिस्तीवर. हार्वर्डमधून व्यवस्थापन शिकलेल्या कॅप्लन यांनी गुंतवणूकदारांकडून सुमारे 89,000 डॉलर उभे केले. मोजण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय कोणाला पैसे हाती मिळत नसत, आणि खेळाच्या प्रत्येक बैठकीची नोंद सक्तीची होती.

कॅसिनोही गप्प बसले नाहीत. फ्रान्सेस्कोंच्या टीममधून पुढे आलेले केन उस्टन यांना न्यू जर्सी राज्यातल्या अटलांटिक सिटीत कॅसिनो खेळू देईनात, तेव्हा ते कोर्टात गेले. 1982 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ पाने मोजतो म्हणून कॅसिनोला स्वतःहून कोणाला बाहेर काढता येणार नाही. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडात मात्र आजही काढतात. डोक्यात मोजणे तिथे गुन्हा नाही, यंत्राची मदत घेणे 1985 पासून गुन्हा आहे.

आपल्याकडे पुण्यात पैसे लावून असे टेबल मांडले तर 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आड येतो. कॅसिनोला परवानगी देणारा 1976 चा महाराष्ट्राचा कायदा कधी अमलात आलाच नाही, आणि 2023 मध्ये तो रद्दही झाला. त्यामुळे पुणेकराला ब्लॅकजॅकचे टेबल दिसते ते गोव्यात. टेबलाशी पाने सतत पिसणारे यंत्र असेल, तर वाटलेली पाने लगेच गड्डीत परततात, आकडा चढायला वावच राहत नाही आणि टीमला तिथे काही काम उरत नाही.