धुरकट पडद्याआडचं बघायची धडपड नेमकी सुरू कुठून झाली

अंगातून प्रकाश आरपार घालून आतलं बघायची आयडिया खूप जुनी आहे. १८३१ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरांनी डोक्यात पाणी साठलेल्या एका पेशंटच्या डोक्यामागे मेणबत्ती धरली तर उजेड पलीकडून दिसतो असं नोंदवून ठेवलंय. मग १९२९ मध्ये मॅक्स कटलर यांनी दिवा वापरून स्तनातल्या गाठी शोधून बघितल्या, पण सावल्या इतक्या फिसकटलेल्या की खात्रीने काही सांगणं अवघडच.

खरी अडचण अशी की लाल आणि त्याच्या लगतचा इन्फ्रारेड प्रकाश शरीरात बऱ्यापैकी खोल जातो, तो तिथे फार शोषला जात नाही, फक्त साधारण दर ०.१ मिलिमीटरला कशाला तरी धडकून दिशा बदलत राहतो. त्यामुळे सगळा जोर विखुरलेला प्रकाश फेकून देण्यावर होता. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट अल्फानो यांच्या टीमने अतिवेगवान शटर लावून सरळ येणारे पहिले फोटॉन (प्रकाशाचे कण) तेवढे घेतले, त्याच वर्षी एमआयटीमधून ओसीटी हे प्रकाशाने आतल्या थरांचं चित्र काढणारं तंत्र आलं, जे आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सर्रास असतं. दोन्ही भारीच, पण सरळ येणारे फोटॉन खोलीबरोबर झपाट्याने संपतात, टिश्यूमध्ये ओसीटी एक-दोन मिलिमीटरलाच थांबतं.

माझ्या मते खरा टर्न २००७ चा. नेदरलँड्सच्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीत वेलेकूप आणि मॉस्क यांनी उलटा विचार केला, की विखुरणं म्हणजे नुसता गोंधळ नाही, पदार्थ हलला नाही तर तोच प्रकाश दरवेळी तसाच विखुरणार, मग आधीच तो उलटा वेडावाकडा करून पाठवला तर? त्यांनी लेझर किरणाच्या एकेका तुकड्याची लाट किंचित मागेपुढे करत पांढऱ्या अपारदर्शक थरापलीकडे १००० पट तेजस्वी ठिपका मिळवला! म्हणजे जो कचरा समजत होते तोच कामाला आला.

फक्त त्यासाठी पलीकडे उजेड मोजणारा डिटेक्टर हवा, आणि शरीराच्या आत तो ठेवणार कुठे? २०१२ मध्ये बर्टोलोत्ती, मॉस्क वगैरेंनी त्यावर तोड काढली. लेझरचा कोन किंचित बदलला तर विखुरलेल्या ठिपक्यांची नक्षी न बदलता नुसती सरकते हे १९८८ पासून माहीत होतं, त्याच्या जोरावर त्यांनी थरामागच्या चमकणाऱ्या वस्तूचं चित्र बाहेरूनच काढलं, आणि २०१४ मध्ये ओरी काट्झ यांच्या टीमने असं चित्र कॅमेऱ्याच्या एकाच शॉटवरून मिळवलं. जिवंत टिश्यूत मात्र रक्त वाहत असतं, काही मिलिसेकंदांत नक्षी बदलते, त्यामुळे लॅबमधल्या पातळ स्थिर थरांइतकं ते सोपं नाही.