टाकीच्या तळाची वाळू: रंग नंतर, कण आधी

कोरिडोरास हा बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. तो खाताना एकदा जवळून बघावा. मिशा फिरवत फिरवत तो डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, घासभर वाळू आत घेतो, खाण्याजोगं असेल ते ठेवतो आणि उरलेली कल्ल्यांमधून सोडून देतो. गालांच्या दोन्ही बाजूंनी वाळूची बारीक धार लागते. जिओफेगस माशांचा तर हा धंदाच. त्या ग्रीक नावाचा अर्थच ‘माती खाणारा’. म्हणजे वाळूचा कण न् कण कल्ल्यांच्या नाजूक पात्यांना घासून जातो. एवढं लक्षात आलं की ‘पांढरी घेऊ की काळी?’ हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

बहुतेक वाळू म्हणजे क्वार्ट्झ. कठिणपणाच्या मोजपट्टीवर याचा क्रमांक ७, चाकूच्या पोलादालाही चरा पाडेल इतका. त्यामुळे दगड यंत्रात फोडून केलेल्या वाळूच्या कडा काचेच्या तुकड्यासारख्या राहतात आणि टाकीत वर्षानुवर्षं बोथट होत नाहीत. नदी हेच काम करते, पण फार सावकाश. गंमत अशी की कण गोल करण्यात वारा पाण्यापेक्षा सरस. पाण्यात दोन कण आदळताना मधे पाण्याची उशी असते, वाऱ्यात ती नसते. हातातली वाळू कशी आहे हे कळायला भिंग पुरतं. तेही नसेल तर चिमूटभर ओली वाळू मनगटाच्या आतल्या बाजूला हलकेच चोळा. टोचली तर तळाशी राहणाऱ्या माशांसाठी ती नको. अर्थात माशांच्या मिशा झिजल्या की सगळं खापर वाळूवर फोडू नये. तळ घाण असेल तर गुळगुळीत वाळूतही त्या सडतात.

आता कणाचा आकार. भूशास्त्रात २ मिलिमीटरपासून त्याच्या बत्तिसाव्या हिश्श्यापर्यंतच्या कणाला वाळू म्हणतात, पण टाकीसाठी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर बरा. मैद्यासारखी वाळू दिसते सुरेख, पण दबून बसते. कणाचा व्यास निम्मा झाला की त्यातून पाणी झिरपण्याचा वेग निम्मा नाही, जवळपास चौथा हिस्सा होतो. पाणी नाही तर प्राणवायूही नाही, आणि मग थराथराने वस्ती बदलते. वर अमोनियाचं नायट्रेट करणारे, प्राणवायूवर जगणारे जिवाणू. त्याखाली नायट्रेट मोडून नायट्रोजन सोडणारे, म्हणजे आपले मदतनीसच. त्याहून खाली, गाळ साचलेला असेल तर, सल्फेटवर गुजराण करणारे, जे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात.

मी एकदा हौसेने सात सेंटीमीटर बारीक वाळू भरली. काही महिन्यांनी काचेलगत काळे डाग दिसले, म्हणून काडी खुपसली, तर बुडबुडे आले आणि सडक्या अंड्यांचा वास खोलीभर झाला. तो काळा रंग लोह सल्फाइडचा. लगेच घाबरायचं कारण नसतं, कारण थोडा वायू हळूहळू वर आला तर प्राणवायू असलेल्या पाण्यात त्याचं ऑक्सिडीकरण होतं. पण सगळा तळ एकदम उपसणं माशांच्या जिवावर बेतू शकतं. आता मी तीन-चार सेंटीमीटरच्या वर जात नाही. नांगरणीचं काम मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी करतात. दिवसा वाळूत, रात्री काचेवर.

मग जाड खडीच का नको? तिच्या फटींत खाणं पडतं आणि आतच कुजतं. वाळूवर घाण वरच राहते, ओंगळ दिसते खरी, पण सायफनची नळी वरून फिरवली की निघून जाते.

क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शिंपल्यांचा किंवा पोवळ्यांचा चुरा मात्र विरघळतो आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) व जडपणा (विरघळलेले क्षार) वाढवतो. परीक्षा सोपी आहे. चमचाभर कोरड्या वाळूवर व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. फसफस ऐकू आली तर त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे. समुद्राच्या वाळूतलं मीठ धुऊन जाईल, शिंपले जाणार नाहीत. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतल्या सिक्लिड माशांना असं जड पाणी मानवतं, मऊ पाण्यातल्या माशांना नाही.

रंगाबद्दल एवढंच, की फिकट तळावर बरेच मासे स्वतःही फिकट पडतात. त्वचेतल्या रंगपेशी भोवतालाशी जुळवून घेतात.

६० बाय ३० सेंटीमीटरच्या तळावर ४ सेंटीमीटर थराला सात लिटरच्या आसपास, म्हणजे सुमारे अकरा-बारा किलो वाळू लागते. ती थोडी थोडी बादलीत घेऊन, नितळ पाणी येईपर्यंत धुवा. कंटाळा येतो, पण इथे घाई केली की टाकी दोन दिवस ताकासारखी दिसते. कोरडी वाळू चाळू नका, क्वार्ट्झची धूळ फुप्फुसांना वाईट. टाकीत पाणी ओतताना तळाशी एक बशी ठेवा, आणि वाळू बसेपर्यंत फिल्टर बंद. कण आत गेले तर पंपाची पाती झिजतात.